बर्फाखालचे कंद

ज्या गावात वर्षातील पाच महिने जमीन दगडासारखी गोठलेली असते, तेथे झाडे मरतात ती थंडीने, असेच कोणीही समजेल. कॅनडाच्या पश्चिमेकडील कॅलगरी शहरात आम्ही राहायला आलो तेव्हा माझाही समज तोच होता. रॉकी पर्वताच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले हे शहर. बहुतेक हिवाळ्यांत पारा उणे ३० अंशांना एकदा तरी शिवून येतो. १८९३ च्या फेब्रुवारीत तो उणे ४५ पर्यंत उतरल्याची नोंद आहे. अशा जागी अंगणात फुलझाड लावणे म्हणजे व्यवहारज्ञानाला सोडचिठ्ठी देणे, असे आमच्या सांगलीकडील आप्तांना वाटते, आणि दूरध्वनीवर ते तसे बोलूनही दाखवतात. पण गेली काही वर्षे आमच्या अंगणात उंच दाढीवाले आयरिस फुलत आहेत. मधल्या काळात आम्ही पुष्कळ कंद गमावले. परंतु त्यांतील एकही थंडीने गेला नाही. जे गेले ते उबेने गेले.

हे विधान चमत्कारिक वाटेल. त्याचा उलगडा करण्यापूर्वी हे झाड कसले ते सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्राच्या हवेत ते रमत नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते चित्रातच पाहिलेले असते.

आयरिस हे ग्रीक पुराणातील इंद्रधनुष्याच्या देवतेचे नाव. अस्सल लाल सोडला तर बहुतेक सर्व रंग या फुलात आढळतात. तीन पाकळ्या वर उभ्या, घुमटासारख्या एकमेकींकडे झुकलेल्या. तीन खाली ओघळलेल्या. खालच्या प्रत्येक पाकळीच्या मुळाशी लोकरीच्या धाग्यांसारखा केसाळ पट्टा असतो, तीच दाढी. या कुळात वीतभर उंचीचेही प्रकार आहेत. ज्यांचा दांडा ७० सेंटीमीटरांच्या वर जातो त्यांना ‘उंच दाढीवाले’ म्हणतात. हे वर्गीकरण १९२० साली स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीचे. पाने चपटी, तलवारीसारखी, उघडलेल्या पंख्याप्रमाणे एका रेषेत निघालेली. ज्यांनी वेखंडाचे झाड पाहिले आहे त्यांना ओळख पटेल. पाणथळ जागी वाढणाऱ्या पिवळ्या आयरिसला तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी ‘स्यूडॅकोरस’, म्हणजे ‘खोटे वेखंड’, असेच नाव दिले आहे.

आणि पानांखाली जे असते ते पाहिल्यावर सांगलीच्या माणसाला कोणी ओळख करून देण्याची गरज उरत नाही. ते थेट हळदीसारखे गड्डे असतात.

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षे सांगलीच्या बाजारात हळदीची अडत केली. सासूबाई गेल्या, पेढी पुतण्याच्या हाती सोपवली आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी ते आमच्याकडे आले. आले ते ऑक्टोबरात. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून काढला. रोज सायंकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, ते पुतण्याला हळदीचा भाव विचारत. दोन-तीन महिन्यांनी पुतण्याची उत्तरे आखूड होऊ लागली. तेव्हा त्यांनी विचारणे बंद केले. दर दोन दिवसांनी एक वाक्य मात्र ऐकू येई: “एप्रिलात परत जातो.” तेथे घर बंद होते आणि सांभाळणारे कोणी नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. आम्हालाही ठाऊक होते. त्यामुळे त्यावर कोणी काही बोलत नसे.

शेजारी एक आजी एकट्या राहत. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांचे आईवडील युक्रेनमधून येऊन एडमंटनच्या पूर्वेकडील माळावर शेती करू लागलेले. तिकडील कितीतरी कुटुंबे १८९० नंतरच्या काळात अशीच येऊन वसली. मामंजींचे इंग्रजी आकड्यांपुरते होते, पण कुंपणावरून दोघांचे बरे चाले. बोटांनी अंश मोजून हवामानाची चर्चा होई. आजींच्या अंगणात घराच्या भिंतीलगत आयरिसची एक रांग होती. त्या त्यांना ‘पिव्निकी’ म्हणत. युक्रेनी भाषेत आयरिसचे नाव तेच, आणि त्याचा अर्थ ‘छोटे कोंबडे’. दाढी आणि तुरा पाहिला की नावाचे कारण कळते.

त्यांचे फूल आजच्या दुकानांतील फुलांसारखे भव्य नव्हते. पांढऱ्या पाकळीला कडेने निळ्या रेघांची बारीक किनार. जणू निळ्या काठाचे पांढरे पातळ. पॅरिसच्या लेमाँ नावाच्या माळ्याने १८४४ साली ‘मादाम शेरो’ या नावाने अशाच तऱ्हेचे फूल विक्रीस आणले होते. आजींचे फूल तेच होते काय, हे सांगण्यास काही साधन नाही. त्यांच्या आईने ते शेजारच्या शेतावरून पिठाच्या पिशवीत घालून आणले होते, एवढाच त्याचा इतिहास. पण जुने फूल उत्तरेकडे का टिकते, याला मात्र कारण आहे. आजची मोठाली फुले ज्या वंशातून आली, त्यात पश्चिम आशियातील उष्ण प्रदेशांतील आयरिसचे रक्त आहे. केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ सर मायकेल फॉस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडून कंद मागवून आपल्या बागेत वाढवले. जुन्या युरोपीय फुलांच्या पेशीत २४ गुणसूत्रे, तर या नव्यांत ४८. त्यांच्या संकरातून फूल मोठे झाले, पाकळी जाड झाली, रंग वाढले. पण त्यांतील अनेकांना थंडीचा काटकपणा मात्र कमी लाभला. जुनी, लहान, साधी जात येथे अधिक भरवशाची. व्यापाऱ्याच्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही.

एका ऑगस्टमध्ये आजींनी सांगितले की घर विकले आहे, महिनाअखेरीस त्या वृद्धनिवासात जाणार, आणि घेणारा ती भिंतीकडची पट्टी उकरून तेथे मोटारीसाठी फरशी करणार. पिव्निकी आम्ही घ्यावेत, अशी त्यांची इच्छा होती. हंगामही योग्यच होता. फूल संपून सहा आठवडे झाले की कंद क्षणभर विसावतो; तेव्हा उपटून, वेगळे करून लावावा आणि जमीन गोठण्यापूर्वी त्याला मुळे धरण्यास सहा आठवडे मिळावेत, हा नियम. कॅलगरीत त्यासाठी जुलैची अखेर ते ऑगस्टचा मध्य एवढीच फट सापडते.

आणि नेमका तो चातुर्मास. चातुर्मासात माती उकरायची नाही, हा मामंजींचा तरुणपणापासूनचा नियम. सांगलीत त्याचे कारण उघड होते. पावसाळ्याच्या ओल्या मातीत जीवजंतूंची दाटी असते. येथे ऑगस्ट म्हणजे कोरडा, भेगाळलेला महिना. माझ्या यजमानांनी हे त्यांना सांगून पाहिले. “नियम घेताना मी हवामान खात्याला विचारले नव्हते,” एवढेच ते म्हणाले. आपण करायचे नाही पण मुलाकडून करवून घ्यायचे, ही वाटही त्यांना बंद होती. कृत, कारित आणि अनुमोदित यांचा हिशेब त्यांच्याजवळ पेढीच्या वहीइतकाच चोख असतो.

आमचा खल संपण्यापूर्वीच आजींनी तो निकालात काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणालगतच्या बाकावर वर्तमानपत्रावर मांडलेले अकरा कंद आणि त्यांच्यामागे, हातात फावडे घेऊन उभ्या असलेल्या आजी.

उरला प्रश्न लावण्याचा. येथील माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. आयरिसला तीच नको असते. मामंजी बराच वेळ हात मागे बांधून अंगणात फिरले आणि मग म्हणाले, “सूनबाई, आपल्याकडे आता हळदसुद्धा गादीवाफ्यावर लावतात. खाली जायचे नाही तर वर तरी जाऊ.” दक्षिणेकडील भिंतीशी, गवताला न उकरता, त्यावर जाड पुठ्ठे अंथरले, त्यावर खडी, त्यावर पिशव्यांतून आणलेली रेताड माती, असा हातभर उंचीचा वाफा रचला. नंतर मी या विषयावरील जी पुस्तके वाचली, त्यांत चिकण मातीसाठी उंच वाफाच सुचवलेला आहे.

लावण्याआधी मामंजींनी प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून पाहिला, तळहातावर तोलला. मी तो हात पुष्कळ दिवसांनी पाहत होते. “हा जेठा गड्डा. हे दोन याचे बगल गड्डे. आणि हा सोरा, याच्यात आता काही राहिले नाही.” हळदीचे हे शब्द आयरिसला जसेच्या तसे लागू पडतात, कारण आयरिसचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. केळीला जसा एकदाच घड. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या कुशीतून दोन्ही बाजूंना निघालेले कंद पुढच्या किंवा त्यापुढच्या वर्षी फुलतात, आणि मधला हळूहळू पोकळ होत जातो. ज्याला आपण आयरिसचे झाड म्हणतो ते असे सरकत जाणारे कुटुंब असते.

लागवड उथळ. उबदार देशांत कंदाची पाठ उघडी ठेवतात, डोहात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी; येथे तिच्यावर बोटभर मातीचे पांघरूण द्यावे, असे आजींचे सांगणे. नव्या कंदाला मुळे कमी, त्यामुळे गोठणारी जमीन फुगताना त्याला वर ढकलून देते. म्हणून प्रत्येकावर ऑक्टोबरात एकेक वीट ठेवायची. मामंजींनी मोजून अकरा विटा ठेवल्या.

“या कंदाला बाजार आहे का?” हे त्यांनी एकदा विचारलेच. आहे. इटलीतील फ्लॉरेन्सच्या आसपास आयरिसच्या फिकट निळ्या जातीचे कंद सोलून वाळवतात आणि अत्तरांसाठी विकतात. ताज्या कंदाला तो वास नसतो. दोन-तीन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, कोरड्या जागी ठेवल्यावर व्हायोलेट फुलांसारखा सुगंध त्यात तयार होतो. हे ऐकून मामंजींना फार समाधान वाटले. “म्हणजे यालाही पेव लागते,” ते म्हणाले. सांगलीजवळील हरिपूरच्या पेवांविषयी या मासिकाच्या काही वाचकांना सांगायला नको. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे राहत असे. बाहेर उन्हाळा असो वा थंडी, पेवातल्या हळदीला त्याचे काही नसे. तिला वैर एकट्या ओलीचे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, तेव्हा काय झाले ते मामंजींनी डोळ्यांनी पाहिले होते.

खताचा प्रश्न निघाला तो बागेच्या दुकानात. कंदांच्या खतासाठी तेथे सर्वजण हाडांची भुकटी सुचवतात. पिशवीवर आयरिसचेच चित्र होते. मामंजींनी पिशवीवरील मजकूर माझ्याकडून वाचून घेतला आणि ती दोन बोटांनी जागच्या जागी ठेवली. पर्याय निघाला तो वाळलेल्या अल्फाल्फाच्या गोळ्यांचा. हे घोड्यांचे खाद्य, पण आयरिसचे अनेक शौकीन ते वाफ्यात मिसळतात. अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास, असे मी सांगितले, तेव्हा ते थबकले. मग म्हणाले, “नावातच लसूण आहे ना? चालेल.”

पहिले दोन हिवाळे सरळ गेले. नोव्हेंबरात बर्फ पडला तो मार्चअखेरपर्यंत वाफ्यावर राहिला. बर्फ म्हणजे थंडी, असे आपण समजतो. जमिनीच्या दृष्टीने ती गोधडी आहे. तिच्या थरांत हवा कोंडलेली असते, आणि वर उणे ३० असताना दीड वीत बर्फाखालची माती शून्याच्या थोडी खाली एवढीच राहते. दुसऱ्या जूनमध्ये, जेव्हा येथे साडेसोळा तासांचा दिवस असतो, तीन दांडे वर आले. एकदा अचानक गारा सुरू झाल्या, तेव्हा मामंजी डोक्यावर काही न घेता, छत्री दांड्यांवर धरून उभे होते.

तिसरा हिवाळा निराळा होता. त्या वर्षी बर्फ जवळजवळ पडलाच नाही, आणि चिनूक आला.

चिनूक हा वारा आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारी ओलसर हवा रॉकी पर्वत चढताना आपले पाणी पश्चिमेच्या उतारावर टाकते आणि कोरडी होऊन पूर्वेकडे उतरते. उतरताना दाबली जाते आणि तापते. पश्चिमेला आकाशात ढगांची एक कमान दिसते, तिच्याखाली निळी पट्टी. आणि काही तासांत हवा वीस-वीस अंशांनी चढते. आमच्या दक्षिणेस, सीमेपलीकडच्या मॉन्टाना राज्यातील लोमा या गावी १९७२ च्या जानेवारीत चोवीस तासांत तपमान उणे ४८ वरून ९ अंशांपर्यंत गेले होते. माणसे चिनूकवर खूष असतात. कोट काढून रस्त्यावर येतात. मामंजीही त्या दिवसांत कोपऱ्यापर्यंत फिरून येत.

त्या जानेवारीत तो चार दिवस राहिला. वाफ्याचा वरचा थर वितळला; खालचा गोठलेलाच, म्हणून पाण्याला जायला वाट नाही. कंद त्या गार चिखलात बसले. त्यांना वाटले वसंत आला. पानांचे हिरवे कोंब बोटभर वर आले. पाचव्या रात्री वारा फिरला आणि सकाळी उणे २७. फेब्रुवारीत हेच आणखी दोनदा झाले. गोठलेल्या झोपेत कंद पुष्कळ सोसतो. त्या वेळी त्याच्या पेशींत पाणी कमी आणि साखर अधिक असते. पण एकदा जागा झाल्यावर, अंगात पाणी भरून घेतल्यावर, तीच थंडी त्याला फोडते. आणि फुटलेल्या जागेतून कुजवणारे जंतू शिरतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते वासाने कळले. हा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. तोवर अकराचे एकोणीस झालेले होते. मामंजी सतरंजी घालून वाफ्याशी बसले आणि एकेक कंद काढू लागले. बाहेरून गोटीबंद दिसणारा कंद दाबला की बोट आत जाई. जेथे थोडे तरी घट्ट लागत होते, तेथे त्यांनी जुन्या चमच्याने कुजका भाग खरवडून, उरलेला उन्हात मांडला. तीन दिवस उलटसुलट केले. शेवटी हाताशी दोन राहिले. दोन्ही बगल गड्डे, अंगठ्याएवढे.

आजींना काय सांगायचे, हा प्रश्न मला पडला होता. आम्ही महिन्यातून एकदा वृद्धनिवासात जात असू आणि त्या प्रत्येक वेळी पिव्निकींची चौकशी करीत. वय एक्क्याण्णव. मी म्हटले, सध्या काही बोलू नये. मामंजी मोटारीत गप्प होते. खोलीत गेल्यावर त्यांनी आपल्या आकड्यांच्या इंग्रजीत सरळ सांगितले: एकोणीस होते, सतरा गेले, दोन आहेत.

आजी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “कोणते दोन? भिंतीकडचे?”

भिंतीकडचेच होते. त्यांनी मान हलवली आणि मग कागद मागून घेतला. नाताळ झाल्यावर लोक आपापली सूचिपर्णी झाडे रस्त्याच्या कडेला टाकून देतात; त्यांच्या फांद्या आणून वाफ्यावर घालायच्या, त्यांच्यावर बर्फ साठतो आणि ऊन आत जात नाही. पण जमीन पुरती गोठल्यावरच. त्याआधी मुळीच नाही. हे शेवटचे त्यांनी दोनदा अधोरेखित केले.

घरी येताना मी म्हटले, गोठलेल्या झाडाला पांघरूण घालण्यात काय अर्थ? ऊब द्यायची तर आधी द्यावी. मामंजी हसले. “ऊब नाही द्यायची. लहानपणी बर्फाची लादी घरी आणत, ती कशात?” भुशात, गोणपाटात. लादीला गरम ठेवण्यासाठी भुसा घालीत नसत. ती वितळू नये म्हणून घालीत. फांद्यांचे काम तेच. कंद थंड राहावा, झोपलेला राहावा, मधल्या चार दिवसांच्या उन्हाने त्याला फसवू नये. मी विज्ञानाची पदवीधर. हे मला पुस्तकातून कळायला हवे होते, असे कोणी म्हणेल. पण पुस्तके बहुधा अशा प्रदेशांत लिहिली जातात, जेथे हिवाळा एकदा येतो आणि एकदाच जातो.

त्या वर्षी फूल आले नाही, येणारही नव्हते. मामंजींचे जूनचे तिकीट काढलेले होते. त्यांनी ते स्वतःच पुढे ढकलले, कारण विचारता, “माल अर्ध्यात टाकून कसा जाऊ?” म्हणाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, कानटोपी आणि माझ्या यजमानांचा जाड कोट घालून, ते रस्त्यावरून एक टाकून दिलेले नाताळचे झाड शेंड्याला धरून ओढत आणताना साऱ्या गल्लीने पाहिले. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातील मुलगा आपले झाड दारात आणून ठेवून गेला.

त्यानंतरच्या जूनमध्ये एक दांडा आला. सहा कळ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यातील हिव पानांच्या पंख्यात दडलेली कळी मारून टाकते, म्हणून त्या रात्री मामंजी बादल्या पालथ्या घालायला उठत. पहिले फूल उमलले त्या सकाळी दांडा कापायचा की नाही, यावर घरात दुमत झाले. मामंजी फूल तोडण्याच्या बाजूचे कधीच नव्हते. अखेर माझ्या यजमानांनी तोड काढली: आजींनाच घेऊन यायचे. वृद्धनिवासाची परवानगी, चाकांची खुर्ची, औषधांची पिशवी, असे सर्व जमवण्यात दोन दिवस गेले. तोवर दोन फुले उमललेली होती. आजींची दृष्टी मंदावली होती. त्यांनी वाकून बोटाने दाढीला स्पर्श केला, वास घेतला आणि म्हणाल्या, आमच्या शेतावर हे कमरेच्या वर जात असे. मग म्हणाल्या, माती कमी पडते, राख घाला. मामंजींनी नोंद केली.

त्या फेब्रुवारीत आजी गेल्या. बाहेर चिनूक होता आणि वाफ्यावर फांद्या होत्या.

दोनाचे आता चौदा झाले आहेत. दर तीन-चार वर्षांनी कंद वेगळे करावे लागतात. नाही तर दाटीत फुले कमी होतात आणि कूज लागते. पुस्तकांप्रमाणे ते ऑगस्टमध्ये करायचे. आमच्याकडे ते मेच्या आरंभी होते, चातुर्मासाच्या पुष्कळ आधी. याची किंमत आहे: त्या वर्षीचे फूल वेगळ्या केलेल्या कंदांपुरते सोडावे लागते. पण कंदाला सबंध उन्हाळा मुळे धरायला मिळतो आणि हिवाळ्यात तो विटेशिवायही जागचा हलत नाही. इतक्या थंड जागी हा सौदा तोट्याचा नाही, असे माझे मत झाले आहे. मामंजींचे मत विचारले तर ते म्हणतात की त्यांनी सौदा म्हणून तो केलाच नव्हता.

गेल्या मेमध्ये आजींची नात आली. एडमंटनच्या पूर्वेला, जुन्या शेताजवळच, तिने घर घेतले आहे. मामंजींनी चौदांतून तीन निवडले, दाबून पाहिले, तोलले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. इंग्रजी आकड्यांच्या थोडे पुढे गेले आहे. पाठ उन्हाकडे, माती बोटभर, पाणी कमी, असे त्यांनी हाताने करून दाखवले. तिने पैशांचे विचारले तेव्हा ते माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले, “हिला सांग, हा माल हिच्याच घरचा आहे.”

ऑक्टोबरात तिचा निरोप आला: पाने पिवळी पडली आहेत, रात्री उणे ८ झाले, आता फांद्या घालू का? मामंजींनी मला उत्तर सांगितले आणि मी ते जसेच्या तसे धाडले. अजून नाही. जमिनीवर पहार आपटून पाहा. दगडावर आपटल्यासारखा आवाज आला की घाल.